चाकांच्या खुर्चीतून परदेशी

सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांतील मुले आज परदेशी असतात, आणि ‘एकदा येऊन जा’ असा त्यांचा आग्रहही असतो. परंतु गुडघे धरलेली आजी, किंवा अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेले वडील, ‘आता आमच्याने कुठले होते!’ म्हणून विषय मिटवितात. घरचेही मग स्वस्थ बसतात. अडचण खरोखर पायांची असते की संकोचाची, हे एकदा पाहिले पाहिजे.

आपल्याच मातीतील श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९४४ साली वाळवे तालुक्यातील पेठ येथे झाला. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यातच मोडे. १९४९ साली ते दक्षिण साताऱ्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा अभिमान दोघांनी वाटून घेण्यास हरकत नाही! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून तो पोहू लागला, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या जागतिक सामन्यांत, पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्याने सुवर्णपदक मिळविले. म्युनिकच्या क्रीडाग्रामातील इमारती ऑलिंपिकनंतर खाजगी घरांसाठी द्यावयाच्या होत्या, म्हणून हे सामने हायडेलबर्गला गेले. संपन्न देशांतही अपंगांची सोय शेवटीच पाहिली जाते, असे दिसते.

आज मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे, मात्र मागितल्यावाचून काही मिळत नाही. विमान कंपनीस तिकीट काढतानाच, निदान अठ्ठेचाळीस तास आधी, कळवावे. तेथे तीन प्रकार मानतात: लांब चालवत नाही पण जिना चढवतो, जिनाही चढवत नाही, आणि मुळीच चालवत नाही. यांपैकी आपला कोणता, हे भीड न धरता नेमके सांगावे. आमच्याकडील माणसे ‘थोडेसे चालतात’ असे मोघम बोलतात, आणि मग विमानाच्या जिन्यापाशी धावपळ उडते. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाप्रमाणे तेथील विमानतळांवर हे साहाय्य विनामूल्य मिळते.

स्वतःची खुर्ची सामानाच्या कप्प्यात जाते. आसनांमधील अरुंद वाटेसाठी निराळी लहान खुर्ची असते. म्हणून उशी, पायटे वगैरे सुटे होणारे भाग काढून जवळ ठेवावेत. औषधेही हातपिशवीतच असावीत. खुर्ची विजेवर चालणारी असेल, तर बॅटरीचा प्रकार आधीच कळवावा. त्यावाचून ती विमानात घेतीलच असे नाही.

एवढे झाल्यावर उरतो तो घरचा उंच उंबरठा आणि दारापुढील पायऱ्या. निघण्याच्या आठवडाभर आधी तेथे भक्कम फळी टाकून दोनदा तालीम करावी. आणि उचलावयास पुढे सरसावणाऱ्या पुतण्यांनी ‘कोठे धरू?’ हे प्रथम आजीलाच विचारावे.