घशाचा जंतू आणि मुलाचे मूत्रपिंड

मुलाचा घसा दुखला, दोन दिवस ताप आला व काढ्यावर उतरलाही. घरात सारे ते विसरून जातात. मग साधारण दहा दिवसांनी सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट व थोडी होते. आदल्या दुखण्याशी याचा संबंध असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

मूळ असते स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूत. नवल असे की, हा जंतू स्वतः मूत्रपिंडात शिरत नाही. त्याच्याशी झुंजण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये आणि जंतूचे अंश यांची जोडी मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत अडकते व तेथे दाह सुरू होतो. प्रतिद्रव्ये तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून हे मधले अंतर. खरूज पिकून पू धरला असेल, तर ते तीन ते सहा आठवड्यांचेही असते.

खरे भय रक्तदाबाचे. तो चढला तर डोके दुखते, ओकाऱ्या होतात, झटकेही येतात. अशा वेळी बाहेरची बाधा समजून अंगारा लावीत बसणे म्हणजे घातच. लघवी तपासून घ्यावी, रक्तदाब मोजवावा, मीठ तोडावे. पाणी किती द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. ‘भरपूर पाणी पाजा’ हा शेजारणीचा सल्ला येथे उलटतो. पेनिसिलीनने उरलेले जंतू मरतात, भावंडांचा संसर्ग टळतो. सुरू झालेला दाह मात्र त्याने थांबत नाही. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात. डोळ्यांना न दिसणारे रक्त लघवीत कित्येक महिने राहू शकते. तेवढ्यासाठी मुलाला अंथरुणावर खिळवून ठेवू नये, तपासणी तेवढी चुकवू नये.