रफ वहीतला सिनेमा

(गोंदिया जिल्ह्यातल्या महिला गटांच्या लेखन शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



काल तुम्हाला सांगितलं होतं, घरात आपल्यावर जे गुदरलं त्यातलं कोणतंही एक लिहा. रात्री मी ते कागद वाचत बसले. बावीस कागद होते. वाचता वाचता सारखं वाटत राहिलं, हे आपण आधी कुठं तरी वाचलंय. मग लक्षात आलं, वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे. ‘माझ्या नशिबी सुख नव्हतं.’ ‘मी सगळं मुकाट्यानं सोसलं.’ ‘देवासारखा भाऊ धावून आला.’ बावीस बायका, बावीस घरं, आणि दुःखाची भाषा मात्र सगळ्यांची एकच. असं कसं होईल?

मी हे चेष्टेनं बोलत नाही. पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा माझाही कागद असाच होता.

‘माहेरची साडी’ तुमच्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल. १९९१ सालचा सिनेमा. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ च्या १ मेला. विजय कोंडके यांनी काढलेला हा सिनेमा, त्यात अलका कुबल लक्ष्मी आणि उषा नाडकर्णी सासू. आमच्या गावच्या आम्ही सातजणी मिळून टॉकीजला गेलो, पदर डोळ्याला लावूनच परत आलो. रडून हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणूनच दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी आपापल्या चुलीपुढं गुपचूप बसलो. त्या सिनेमानं काय शिकवलं, हे मला फार वर्षांनी कळलं. सोसते ती चांगली, उलटून बोलते ती वाईट, हे तर शिकवलंच. त्याहून आत गेलेली गोष्ट वेगळी होती. घरातली वैरीण म्हणजे सासू. पुरुष मागं उभा, एक तर भोळा, नाही तर गैरसमज झालेला. आता आपले कागद बघा. बावीसपैकी सतरा कागदांत सासू आहे. नवऱ्याची दारू चारांत आहे. सातबारा कोणाच्या नावावर, ते एकाही कागदात नाही.

सगळेच सिनेमे असे नव्हते, हेही सांगते. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटेची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलेलं लग्न मानायलाच तयार होत नाही. मला ती फार आवडते. पण तिला सोडवतो कोण? तो म्हातारा जीव देतो, तेव्हा ती सुटते. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. त्यातली स्मिता पाटील आपल्या पायांनी घराबाहेर पडते. तो मी फार उशिरा, एका शिबिरात व्हिडिओवर पाहिला. सिनेमा संपल्यावर आमची चर्चा रात्री एकपर्यंत चालली. अर्ध्याजणी तिच्यावर चिडल्या होत्या, पोरीला टाकून गेली म्हणून. चिडणाऱ्यांत मीही होते. सिनेमा चांगला असला म्हणून आपल्या आत आधी बसलेलं लगेच उठून जातं, असं नाही.

सिनेमा पाहू नका, असं सांगायला मी आलेली नाही. दिवाळीनंतर मंडई भरली की मीही झाडीपट्टीच्या नाटकाला शाल पांघरून पहाटेपर्यंत बसते. आणि आता तर मालिका मोबाइलमधून रोज घरात येतात, कोण कोणाला अडवणार? माझं म्हणणं लिहिण्यापुरतं आहे.

पहिलं लिखाण सिनेमासारखंच येणार. येऊ द्या. आपण धान लावतो तेव्हा बी थेट बांधीत कुठं टाकतो? आधी एका कोपऱ्यात दाट पऱ्हे टाकतो. ते उपटून, जुड्या बांधून, दुसऱ्या बांधीत रोवतो. पऱ्हे दाट झाले म्हणून कोणी रडत नाही, ते तसेच असतात. कालचे कागद म्हणजे आपले पऱ्हे. शाळेत आपल्याला रफ वहीची लाज वाटायला शिकवलं. बाईंना दाखवायची ती फेअर वही. त्यामुळं आपण पहिल्याच वेळी फेअर लिहायला बसतो, आणि फेअर भाषा म्हणून जी ओठावर येते ती पडद्यावरची असते. घरात पोवारी, झाडी नाही तर गोंडी बोलणारी बाई कागदावर एकदम नायिकेसारखी बोलायला लागते. रफ आहे ना, मग घरच्या बोलीत लिहा. शुद्धलेखन नंतर बघू.

आता दुसऱ्या खेपेचं काम. काल इथल्याच एका ताईंबरोबर ते केलं, त्यांना विचारूनच सांगते. त्यांचं वाक्य होतं, ‘सासरी माझा अतोनात छळ झाला.’ मी विचारलं, कोणत्या दिवसांत? म्हणाल्या, रोवणीच्या. कशावरून? स्वतःच्या मजुरीचे पैसे मागितले म्हणून. कशानं मारलं? पाटानं. कोण होतं? शेजारीण दारात उभी होती. मग? चार दिवस चिखलात वाकता आलं नाही, मजुरी बुडाली. आणि तुम्ही काय केलंत? बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्यांदा पाट उचलला तेव्हा मी त्याचा हात धरला. सोडला नाही.”

हे कागदावर का नव्हतं? म्हणाल्या, “ते बरं दिसत नाही, ताई.”

बघा, मार बरा दिसतो, हात धरलेला बरा दिसत नाही. ही निवड त्या ताईंनी एकटीनं केलेली नाही.

लिखाणाचा हा हट्ट कशासाठी, असं कोणी विचारेल. पूर्वी एका बहिणीचा अर्ज मी स्वतः लिहून दिला होता. अश्रू, आक्रोश, पोटचा गोळा, सगळं होतं त्यात. अर्ज ऐकून गटातल्या बाया रडल्या. पुढं समोरच्या वकिलानं तारीख विचारली, आणि अर्जात एकही तारीख नव्हती. ती चूक माझी होती, भोगली तिनं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ येते, आणि पैसे काढून घेणं, खर्चाला न देणं हेही येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडं घटनेचा अहवाल लिहून घेतात. तिथं मजुरीचे पैसे, पाट, दारातली शेजारीण, बुडालेले चार दिवस, हे सगळं लागतं. ‘अतोनात’ या शब्दाचं तिथं काहीच करता येत नाही.

आणि एका खेपेत सगळं येईल, असंही समजू नका. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून लिहायच्या आणि ते घरातल्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायच्या. वीसएक वर्षं ते लपलेलंच राहिलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ते छापून यायला लागलं, १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात समाजाचं सगळं भोगणं आहे. नवऱ्यानं स्वतःला मारल्याचं मात्र त्या पुढं माया पंडितांना दिलेल्या मुलाखतीत बोलल्या. इतक्या धीट बाईचंही काही त्या पुस्तकाबाहेर राहिलं. तुमचं आज राहिलं तर राहू द्या, पण राहिलं आहे हे तुम्हाला माहीत असू द्या.

आता चहा येतोय. चहानंतर कालचाच कागद घ्यायचा. जे वाक्य शेजारच्या ताईच्या कागदावरही जसंच्या तसं शोभेल, त्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा, कधी, कुठं, कशानं, कोण होतं, मी काय केलं. पेन्सिली मी आणल्या आहेत. खोडरबर मुद्दाम आणलेले नाहीत. खोडायचं ते एकच रेघ मारून, खालचं वाचता येईल असं. दुपारी दोन्ही आपल्याला शेजारी ठेवून वाचायचं आहे.