जुन्या रेडिओग्रामची पेटी

रेडिओग्राम हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. रेडिओ, तबकड्या वाजविणारे यंत्र आणि स्पीकर ही तिन्ही एकाच लाकडी पेटीत बसविलेली असत, त्या पेटीला हे नाव होते. चार निमुळते पाय, पुढे सरकती दारे, वर उघडणारे झाकण आणि दोन्ही टोकांना कापडाने मढविलेल्या स्पीकरच्या जागा, असे तिचे रूप असे. दिवाणखान्यातील सर्वांत मोठी वस्तू बहुधा तीच. अशा पेट्या आजही पुष्कळ घरांत आहेत. कोठे त्यांच्यावर दूरदर्शन संच ठेवलेला असतो, कोठे आत मुलांची पाठ्यपुस्तके कोंबलेली असतात. त्यांपैकी एखादी पुन्हा नीट करावी असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्याशी मला आज थोडे बोलावयाचे आहे.

ज्या पेटीच्या आधाराने मी बोलत आहे, ती माझ्या मामांची. आतला सांगाडा जर्मन. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात परदेशी माल मुबलक येत असे. मामांनी तो सांगाडा तिकडच्या एका नातलगाकडून घेतला आणि १९६४ साली बेळगावच्या एका सुतारमेस्त्रींकडून त्याला पेटी करून घेतली. यंत्र परदेशी आणि पेटी घरची, असा संसार त्या काळी अनेकांनी मांडला होता. पेटीचे पाय, कडा व चौकटी दांडेलीच्या भरीव सागाच्या आहेत. वरचा पृष्ठभाग व बाजू मात्र प्लायवूडच्या असून त्यांवर सागाचे पातळ व्हीनियर सरसाने चिकटविलेले आहे. मागची पाटी काढली तेव्हा आतल्या लाकडावर मेस्त्रींनी पेन्सिलीने मांडलेली मापे दिसली. सारी मापे इंच आणि सुतांत. एका ठिकाणी चार सूत खोडून पाच केलेले. मामा वारल्यावर ही पेटी कोणी न्यावी असा प्रश्न निघाला आणि ती भंगारात जाण्याच्या बेतात असताना माझ्याकडे आली.

पहिला सल्ला मिळाला तो एका फर्निचरच्या दुकानात. सर्व खरवडून काढा, मशीन लावून घासा आणि वर पीयू किंवा मेलामाईन मारा, आरशासारखी दिसेल. हा सल्ला देणारा मनुष्य लबाड नव्हता. जेवणाच्या मेजाला मीही तोच सल्ला देईन, कारण गरम भांडे आणि सांडलेले पाणी सोसण्याची जी ताकद त्या लेपांत आहे ती लाखेच्या पॉलिशमध्ये नाही. परंतु जुन्या पेटीच्या बाबतीत एकातून दुसरे संकट कसे निघते ते पाहावे. जुन्या लाखेत मेणाचा अंश असतो आणि मेणावर पीयू नीट धरत नाही. म्हणून जुने पॉलिश मुळापासून काढावे लागते. ते काढण्यासाठी यंत्राने घासावे लागते. आणि ज्याला आपण सागाची फळी समजतो ते व्हीनियर जेमतेम मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही पातळ असते. यंत्राचा हात एका जागी क्षणभर रेंगाळला की खालचे प्लायवूड डोळे वटारून पाहू लागते. त्यावर उपाय नाही. शिवाय पीयूचा थर एकदा कडक झाला की तो विरघळत नाही. पुढे कधी चरा पडला, तर पुन्हा सर्व खरवडण्यापासून सुरुवात.

लाखेचे तसे नाही. जुन्या थरावर नवी लाख लावली की तिच्यातील स्पिरीट जुन्या थराला किंचित विरघळविते आणि दोन्ही थर एकजीव होतात. साठ वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हातावर आजच्या कारागिराचा हात बसतो आणि दोन्ही टिकतात. पेटी मोडायची नसून राखायची असेल, तर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी मी हाच एक प्रश्न विचारतो, की हे उद्या दुसऱ्या कोणाला उलटविता येईल काय?

मात्र आपल्या पेटीवर लाखच आहे हे आधी ठरवून घ्यावे. पेटीच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्याने स्पिरीटचा एक थेंब लावावा. चिकटपणा आला तर लाख समजावी. स्पिरीटने काही झाले नाही, परंतु थिनरने लेप मऊ झाला, तर तो नायट्रोसेल्युलोजचा. दोहोंनीही दाद दिली नाही, तर तो त्यानंतरच्या रासायनिक लेपांपैकी एखादा. जर्मनीहून पेटीसकट आलेल्या संचांवर हे दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारचे चकचकीत लेप आढळतात. त्यांवर आपल्याकडची लाख फासण्यात अर्थ नाही.

आमच्या पेटीवर लाख निघाली आणि मी कँपातील एका वृद्ध पॉलिशवाल्यांना बोलावून आणले. सर्वजण त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, बोटाने एक-दोन ठिकाणी टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "गडबड कशाला मास्तर, आधी पुसून बघू की." साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि नंतर टर्पेंटाईनने त्यांनी ती पुसली. टर्पेंटाईनने लाख विरघळत नाही. मेण, तेलकटपणा आणि साठलेला धूर तेवढा सुटतो. नाताळात ह्या पेटीवर आम्ही गव्हाणीचा देखावा मांडीत असू, त्यामुळे मेणबत्त्यांचे मेण वर्षानुवर्षे ठिबकलेले होते. ते चाचांनी बांबूच्या चिपेने अलगद उचलले. दोन तासांनी जे लाकूड दिसू लागले ते काळे नव्हतेच, मधासारखे होते. वर निम्म्याहून अधिक पॉलिश शाबूत होते. ज्याला मी साठ वर्षांची झीज समजत होतो ती पुष्कळशी केवळ धूळ होती.

चहाच्या कपांची पांढरी वर्तुळे तेवढी राहिली. लाखेच्या थरात ओल शिरल्याने ती उमटतात; स्पिरीटचा नुसता वास येईल इतक्या ओल्या बोळ्याने वरून भरभर हात फिरविला की बहुतेक निघून जातात. बोळा मात्र एका जागी थांबता कामा नये. एका कोपऱ्यात व्हीनियर फुगले होते. तेथे रेषांच्या दिशेने पात्याने चीर देऊन आत कोमट सरस सारला, वर कागद ठेवून साधारण गरम इस्त्री दाबली आणि रात्रभर वजन ठेविले. सरसाचा गुणही लाखेसारखाच आहे. उष्णता व ओल मिळाली की तो पुन्हा मऊ होतो, म्हणून जुना सांधा न मोडता उकलता येतो. आजचे पांढरे डिंक अधिक बळकट असतील, पण ते सांधे उकलताना लाकूडच फाटते. लाकडाला भोके असतील तर तीही पाहावीत. भोकाखाली ताजी भुकटी पडत असेल तर कीड अद्याप आत आहे. तिचा बंदोबस्त झाल्यावाचून पॉलिशला हात लावू नये.

आता लाखेविषयी. श्रोतेहो, ही लाख म्हणजे पळस, बोर आणि कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ तयार करतात ती. छोटा नागपूर हा तिचा जुना प्रदेश. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली एक संस्था निघाली. तीच राळ वितळवून पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडा होतो. मला नेहमी मौज वाटते ती अशी, की मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही ह्याच लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळून केलेल्या असत. पेटीवर लाख आणि पेटीत लाख! १९४८ साली अमेरिकेत व्हिनाईलची दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली आणि लाखेची तबकडी हळूहळू मागे पडली. आपल्याकडे ती इतर देशांहून बरीच उशिरापर्यंत निघत होती. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्या अशा लाखेच्याच. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडून मोकळे व्हावे लागे.

चाचा एक लिटर स्पिरीटला सुमारे अडीचशे ग्रॅम चपडा घेतात. रात्रभर भिजवून मलमलीतून गाळतात. मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून त्याची पुरचुंडी करतात, ती पॉलिशमध्ये भिजवून, जवसाच्या तेलाचे एखादे बोट लावून फिरवितात. प्रथम वर्तुळे, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे, शेवटी सरळ रेषांच्या दिशेने. विमान जसे धावपट्टीवर उतरते तशी पुरचुंडी चालत्या हाताने टेकवायची आणि चालत्या हातानेच उचलायची. जेथे रेषांची छिद्रे उघडी पडली होती तेथे खडूच्या भुकटीत गेरू व पिवडी मिसळून आधी भरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी हे काम पावसाळ्यात करावयास साफ नकार दिला. बेळगावच्या जुलै-ऑगस्टमधील हवेत पॉलिश दुधाळ होते. मी शाळेच्या सुट्टीचा हिशेब सांगत होतो. ते दिवाळीनंतरच आले.

पेटीचे आणखी एक अंग आहे, ते कानाचे. स्पीकरच्या पुढून जसा आवाज निघतो तसाच मागूनही निघतो, आणि दोन्ही उघड्यावर एकत्र आले की खर्जाचे सूर एकमेकांना मारतात. स्पीकर लाकडात बसविण्याचे मूळ कारण हेच. मागची भोकांची पाटी मोडली म्हणून कोणी तेथे अखंड प्लायवूड ठोकतात. ते करू नये. आतले वाल्व्ह तापतात आणि त्या उष्णतेला वाट त्या भोकांतूनच असते. पुढचे कापड बदलायचे झाल्यास नवे कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज पार गेली तरच घ्यावे. पडद्याचे जाड कापड शोभिवंत दिसते, पण तारसप्तक गिळून टाकते. तबकडीचे यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत असल्याने स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचून घुमू लागते. ती अडविण्यासाठी यंत्र स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेले असते. हलविताना आवळलेले स्क्रू परत सैल करावयास विसरतात आणि दोष पेटीला देतात.

विजेच्या अंगाविषयी एवढेच सांगतो, की वर्षानुवर्षे बंद असलेला संच उत्साहाच्या भरात प्लगाला लावू नये. आतले कंडेन्सर निकामी झालेले असतात, आणि प्लग काढल्यानंतरही त्यांत काही काळ दोन-तीनशे व्होल्टचा दाब राहू शकतो. ते काम जाणत्याचे.

माझ्या भाच्याला पेटी आवडली, पण पुढच्या बाजूस एक चौकोनी खिडकी कापून नवा ॲम्प्लिफायर बसवावा अशी त्याची सूचना होती. घरात चार दिवस ह्यावर वाद चालला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. जी वस्तू वाजत नाही ती आठवण म्हणून किती दिवस पुसत बसणार? तोड जुन्या यंत्रातच होती. अशा जर्मन सांगाड्याच्या मागे टेपरेकॉर्डर जोडण्यासाठी एक गोल खोबण असते. तिला योग्य वायर लावली की आजच्या मोबाईलमधील गाणेही त्याच वाल्व्हमधून आणि त्याच स्पीकरमधून ऐकू येते. एकही भोक पाडावे लागले नाही. तबकडीच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगवेगळे आवाज कोरण्याची कल्पना ॲलन ब्लमलीन ह्या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटात मांडली होती, आणि तशा तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. ती किमया ऐकण्यासाठी आमच्या पेटीच्या दोन स्पीकरांमधील चार फूट अंतर थोडे अपुरेच आहे. जवळ खुर्ची ओढून बसावे लागते.

चाचांचा मुलगा ह्या धंद्यात नाही. दुकानांतून मेलामाईनची मजुरी रोख आणि लवकर मिळते, मग लाखेच्या पुरचुंडीमागे आठवडा कोण घालवील? आमच्या शाळेतील नववीचे दोन विद्यार्थी मात्र तीन रविवार पेटीशेजारी बसून हात फिरवावयास शिकले. चाचांनी त्यांना आधी पंधरा दिवस टाकाऊ फळ्यांवरच ठेविले होते. त्यांपैकी एकाचा हात थांबत नाही, असे त्यांचे मत पडले. घोळलेले पॉलिश काही महिन्यांनी नासते, मग ते नीट सुकत नाही. म्हणून बाटलीत जे उरले होते ते चाचांनी त्याच संध्याकाळी त्या मुलाकडून आमच्या दारातील बाकाला लावून घेतले.