गाडी बघायला आम्हीही गेलो

सारंगखेड्याहून आम्ही तिघी जावा बोलतोय. माइकसमोर धाकटी आहे, पण बोलणं तिघींचं आहे. आधी वहीत लिहून काढलं, भांडून खोडलं आणि मग इथं आलो.

आजचा विषय आहे गाडी. त्यातही लांब, खालच्या बसणीची, देखणी युरोपियन सेडान. स्कोडा, फोक्सवॅगन या नावांची. रस्त्यानं गेली की पोरं मान वळवून बघतात ती. अशी गाडी घ्यायची तर नवी घ्यावी की जुनी, आणि घेण्याआधी बघावी कशी, ते आम्ही सांगणार आहोत. आम्ही मेकॅनिक नाही. पण एकदा फसलोय, आणि फसलेल्या माणसाला चांगलं आठवतं.

आधी फसलो कसे ते ऐका. पपईचे पैसे हातात आले होते. त्याच वर्षी आमच्यातल्या मधलीचं दुखणं निघालं आणि दर एकवीस दिवसांनी तिला सुरतेला न्यायचं ठरलं. नंदुरबार, विसरवाडी, नवापूर, सोनगड करत चार-पाच तासांची वाट. घरात गाडी हवी हे सगळ्यांना पटलं. तिघे भाऊ एका संध्याकाळी दलालाकडे गेले, एक परदेशी नावाची जुनी सेडान पाहिली आणि अर्ध्या तासात इसार देऊन आले. रंग काळा, आत चामड्याच्या सीटा, वर काचेचं छप्पर. आम्हाला पेढे मिळाले. गाडी बघायला बोलावणं मात्र नव्हतं.

पहिल्या पावसात आतून कुबट वास यायला लागला. मग काचा आपोआप खाली जायला लागल्या. आणि मधलीच्या तिसऱ्या फेरीला, पहाटे चार वाजता, नवापूरच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. वर पाऊस, आत ओकाऱ्यांनी बेजार झालेली मधली, आणि समोरच्या काचेवर पाच-सहा दिवे लुकलुकताहेत. एका ट्रकवाल्या भाऊंनी नवापूरपर्यंत सोडलं. त्या वेळची सुरतेची तारीख हुकली, पुढची दोन दिवसांनी मिळाली. त्या दोन दिवसांत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

नंतर नाशिकच्या एका मिस्त्रीनं गालिचा उचलून दाखवला. खाली वाळलेला बारीक गाळ होता. गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडालेली होती.

आता गंमत बघा. आपल्या गावाला घोडा कसा बघायचा हे शिकवावं लागत नाही. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तापीकाठी देशभरातले घोडे येतात. आमचे सासरे एका घोडीपुढे अख्खी सकाळ घालवायचे. तोंड उघडून दात बघायचे, वय कळायला. खूर उचलून बघायचे. अंगावरचे भोवरे मोजायचे, खोड कुठं आहे का ते पाहायचे. मग मालकाला म्हणायचे, आता चालवून दाखव. पाठीवरची झूल आणि गळ्यातल्या माळा आधी काढून ठेवायला लावायचे. आणि त्यांच्याच मुलांनी घोडीच्या कितीतरी पट किमतीची गाडी झुलीसकट घेतली, तीही अंधार पडल्यावर!

दुसऱ्यांदा गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघी म्हणालो, या वेळी सासऱ्यांच्या पद्धतीनं बघायची. आणि आम्हीही येणार.

आधी जात ओळखायची. युरोपियन गाडी म्हटलं तरी आपल्याकडे तिच्या दोन जाती आहेत. एक, सुटे भाग पेट्यांतून परदेशातून आणून इथं जोडलेली. स्कोडानं २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला कारखाना काढला आणि तिथं ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. लॉरा, सुपर्ब, फोक्सवॅगनची जेट्टा, पसाट या त्याच वाटेनं आलेल्या. अंगानं भक्कम, हायवेवर जमीन धरून पळणाऱ्या. दुसरी जात इथंच घडवलेली. फोक्सवॅगनचा पुण्याजवळ चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथून २०१० मध्ये व्हेंटो आली, पाठोपाठ स्कोडाची रॅपिड आली, आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी व्हर्टस आणि स्लाव्हिया आल्या. या दोघी भारतासाठीच बेतलेल्या सांगाड्यावर बांधल्यात आणि त्यांचे बहुतेक भाग इथंच तयार होतात.

हा फरक बाहेरून दिसत नाही, बिलात दिसतो. नवी असताना वीस-पंचवीस लाखांना गेलेली मोठी सेडान दहा वर्षांनी चार-पाच लाखांत मिळते, म्हणून मोह होतो. पण तिची किंमत उतरली तरी तिच्या भागांची किंमत उतरत नाही. दिवा फुटला तर दिवा वीस लाखांच्या गाडीचाच लागतो. घोडी स्वस्त मिळाली म्हणून ती हरभरा कमी खात नाही, मैत्रिणींनो. आम्ही आमच्यापुरता नियम केलाय. जुनी गाडी ज्या किमतीला घ्याल, तिचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवायचा. तेवढे उरत नसतील तर ती गाडी आपली नाही.

आता दात बघू. काट्यावरचे किलोमीटर मागे फिरवता येतात. पण पायाखालचं पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग कुठं गुळगुळीत झालंय ते बघा, चालवणाऱ्याची सीट दाराच्या बाजूनं किती दबलीय ते बघा. काटा चाळीस हजार सांगतोय आणि पेडल घासून चकचकीत झालंय, तर खरं पेडल बोलतंय. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरची जन्मतारीख ती.

मग पूर. मुंबईत २००५ च्या जुलैत पाणी भरलं, सुरतेत २००६ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तापीनं शहर बुडवलं, आणि त्यानंतरही दर एक-दोन वर्षांनी कुठलं ना कुठलं शहर पाण्यात जातं. त्या गाड्या धुऊन, अत्तर मारून दूरच्या गावांत विकल्या जातात. त्यामुळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का बघा. डिकीतलं जादा चाक उचला, खालचा खड्डा बघा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का ते मोबाइलच्या उजेडात बघा. काचा लावून पाच मिनिटं आत बसा आणि वास घ्या. हे काम आपण बायका चांगलं करतो. डब्यातलं पीठ कुबटलं की आपल्याला झाकण उघडल्याबरोबर कळतं.

आता चाल. गाडी सकाळी बघायला जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकानं ती आधीच चालू करून ठेवली होती. मग चहा प्या, गार होऊ द्या. थंड इंजिन चालू होतानाच खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजिनात पाणी शिरत असेल. किल्ली फिरवली की काट्यांमध्ये एअरबॅगचा आणि इंजिनाचा दिवा लागला पाहिजे, आणि नंतर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलाय. हे दुसरं जास्त वाईट.

ऑटोमॅटिक गिअरची असेल तर चढावर न्या आणि मुंगीच्या चालीनं चालवा. या गाड्यांत सात गिअरचा डीएसजी नावाचा गिअरबॉक्स पुष्कळदा असतो. त्यातल्या क्लचला तेलाचा गारवा नसतो, त्यामुळे गर्दीत थांबत-थांबत चाललं की तो तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके, थरथर किंवा मागे घेताना विचार करत उभी राहणं, यांतलं काही दिसलं तर नमस्कार करून परत या. त्याची दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते.

डिझेलची जुनी गाडी असेल तर दोन गोष्टी विचारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, आणि त्याचं बिल कुठंय? हा पट्टा तुटला तर इंजिनाचा आतून चुराडा होतो. दुसरं असं, की धुराच्या तपासणीला फसवणारी क्लृप्ती फोक्सवॅगन गटाच्या काही डिझेल इंजिनांत असल्याचं २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं. इथं पुण्याच्या एआरएआय संस्थेनं तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीला बोलावण्याचं जाहीर केलं. तुमच्या समोरची गाडी त्यांतली असेल तर ते काम झालंय का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटर चॅसी नंबरवरून सांगू शकतं. त्याच नंबरवरून सर्व्हिसची सगळी नोंदही मागा. पेट्रोलची असेल तर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का, ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता जे पुरुष कधीच बघत नाहीत ते. मागच्या सीटवर बसा. एकटीनं नाही, तिघींनी बसा. आम्ही सासूबाईंनाही नेलं होतं. त्यांचे गुडघे दुखतात. सेडानची सीट खाली असते, बसताना माणूस आत पडतो आणि उठताना हात द्यावा लागतो. त्यांनी तीनदा बसून-उठून बघितलं आणि मग हो म्हटलं. मधल्या माणसाच्या पायाशी उंचवटा किती आहे, आजारी माणसाला आडवं होता येतं का, एसीचा गारवा मागे पोचतो का, हेही बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात हा चैनीचा प्रश्न नाही. आणि सगळे बसल्यावर गावातल्या सर्वांत उंच गतिरोधकावरून गाडी न्या. पोट घासलं तर कळेलच. खाली वाकून ऑइलच्या टाकीला ठोकर बसलीय का तेही बघा.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. गुजरातची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर आपल्या एमएच-३९ ची नोंदणी करून इथला रोड टॅक्स भरावा लागतो. स्वस्त वाटलेल्या गाडीत ही रक्कम आधीच मिळवा.

मग नवी का घेऊ नये? जमत असेल तर जरूर घ्या. चार मीटरहून लांब गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्यावर रोड टॅक्स आणि विमा वेगळा, हे धरून चाला. बदल्यात वॉरंटी मिळते आणि रात्रीची झोप मिळते. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्हींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाचपैकी पाच तारे मिळालेत. डिकी ५२१ लिटरची, रिकामी असताना पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर. पण नवी असो की जुनी, अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्या दारापासून किती तासांवर आहे, हा पहिला प्रश्न. गाडी बंद पडली तर ती तिथं न्यायची कशी, हा दुसरा.

आम्ही काय केलं? थोरलीच्या मुलानं दोन गाड्या दाखवल्या. एक मोठी, दहा वर्षांची, अगदी राजबिंडी. तिच्या बोनेटला हात लावला तर गरम. मालक म्हणाला, आत्ताच पेट्रोल भरून आलो. आम्ही म्हटलं, बसतो तासभर. त्याला घाई होती, आम्हाला नव्हती. आम्ही निघालो. दुसरी चाकणची, तीन वर्षांची, साधी पांढरी, हातानं गिअर टाकायची, छपराला काच नाही. तिची सगळी बिलं फायलीत लावलेली होती. धाकटे दीर कुरकुरले, यात रुबाब कुठंय? मधली म्हणाली, मला वेळेवर पोचवते, तोच तिचा रुबाब. पुढे कुणी बोललं नाही.

ती गाडी आरसीवर मधलीच्या नावानं आहे. सुरतेच्या उरलेल्या सगळ्या तारखा तिनं गाठल्या. मधली आता बरी आहे, इथं शेजारीच बसलीय आणि घड्याळाकडे बोट दाखवतेय.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात गाडीची बोलणी सुरू झाली की पेढ्यांची वाट बघू नका. चप्पल घाला, सोबत जा, बोनेटवर हात ठेवा. येतो आम्ही. नमस्कार.