पेटी अनुदानावर मिळते, नजर मिळत नाही

कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भातून आलेले मधपाळ बंधू-भगिनी आणि पेटी घ्यावी की नाही या विचारात असलेले माझे तरुण मित्रहो,

महाबळेश्वरात आपले मनापासून स्वागत. लोक इथे थंड हवेसाठी आणि स्ट्रॉबेरीसाठी येतात. आपण माशीसाठी आलात, याचे आम्हाला अप्रूप आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय याच गावात आहे आणि शेजारचे मांघर २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' ठरले.

जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर आमची सातेरी माशी पोसते. सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की मधाचा सुकाळ होतो. पण पाऊस लागला की माशीला दिवसच्या दिवस बाहेर पडता येत नाही. साखरेचा पाक कधी आणि किती द्यायचा हे ज्याला उमगले नाही, त्याची पेटी गणपतीपर्यंत रिकामी झालेली असते.

म्हणून आमच्या मधपाळ मंडळाचा रिवाज आहे: नव्या सभासदाने पहिला हंगाम जुन्या मधपाळाच्या पेट्यांवर हात बसवायचा, स्वतःची पेटी त्यानंतर. चौकट उचलली की नवख्याला माश्यांची नुसती गर्दी दिसते. शेजारचा जाणता म्हणतो, "राणी शोधत बसू नकोस, माश्या जरा झटक आणि घरांच्या तळाशी बघ." घरागणिक एकच अंडे, तेही उभे असेल, तर राणी काल-परवापर्यंत नक्की नांदत होती. एकेका घरात दोन-तीन अंडी, काही भिंतीला चिकटलेली दिसली, तर बहुधा राणी गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या. त्यांतून नरच निपजणार. वसाहत बसत चालली. हे पुस्तकात लिहिलेले असते, पण ऊन खांद्यावरून घेऊन ते बारीकसे अंडे पहिल्यांदा दिसायला दाखवणारा माणूस लागतो.

अशा दाखवणाऱ्याचा मान जगानेही राखला आहे. २० मे हा जागतिक मधमाशी दिन अँटोन यान्शा यांच्या स्मरणार्थ आहे. अठराव्या शतकात व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवणारे ते स्लोव्हेनियन शिक्षक.

मंडळ हवे याला दुसरे कारण रोगाचे. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला. माशी शेताचा बांध मानत नाही. एकाने रोग लपवला तर साऱ्या शिवाराला भोवतो. आमच्या बैठकीत मध किती निघाला हे नंतर विचारतात. कोणाच्या पेटीत पिले मेली, हे आधी.

उद्या सकाळी पेट्यांवर प्रात्यक्षिक आहे. अत्तर लावू नका, गडद कपडे टाळा आणि पेटीच्या तोंडासमोर उभे राहू नका; ती त्यांची येण्याजाण्याची वाट आहे. जाणत्यांना एक हक्काची विनंती: धुराचे यंत्र आणि चौकट नव्यांच्या हाती द्या आणि आपण बाजूला उभे राहा. त्यांचा हात थरथरेल, एखादा डंखही बसेल. पण चौकट त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

राहण्या-जेवण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. शंका मात्र एकही मागे ठेवू नका.