श्रीमंत राष्ट्रांकडे कोणत्या नजरेने पाहावे?



श्रीमंत राष्ट्रांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, चांगले ते सारे तिकडचेच. दुसरा म्हणतो, त्यांनी आम्हाला लुटले, आता त्यांचे नावही नको. परंतु एके काळी पारतंत्र्यात असलेल्या देशांतील जाणत्या उद्योजकांची दृष्टी याहून निराळी असू शकते. तिचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ साली मुंबईत 'सिप्ला' ही औषध कंपनी स्थापन केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजला शिकून डॉक्टर झाले. पितापुत्रांनी विद्या घेतली ती परदेशात. कारखाना चालवला तो येथे.

या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत एड्सने लाखो माणसे मरत होती. औषधे होती; पण एका रोग्याला वर्षाला १०,००० डॉलरांहून अधिक खर्च येई. पेटंटमुळे किंमत ठरवणे मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. आपल्या १९७० च्या कायद्याने मात्र औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिले होते. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या रीतीने बनवता येई. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी हीच औषधे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देऊ केली.

त्यांच्यावर चाचेगिरीचा आरोप झाला. त्यांचे म्हणणे सरळ होते : शोध लावणाऱ्याला मोबदला जरूर द्यावा, पण माणसाच्या प्राणावर मक्तेदारी नसावी. त्यांनी श्रीमंत राष्ट्रांशी वैर मात्र धरले नाही. केंब्रिजला त्यांनी भरघोस देणग्या दिल्या. २०२० पासून तेथील रसायनशास्त्र विभाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गुरूचे ऋण मानावे, पण अन्यायापुढे मान तुकवू नये, ती ही दृष्टी होय.

पालकहो, २००५ पासून आपल्याकडेही औषधाला पेटंट मिळते. जुनी वाट अरुंद झाली आहे. यापुढे नवे शोध आपल्याच मुलामुलींना लावावे लागतील. तेव्हा दहावीनंतर विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलीला घरी बसवू नका आणि मुलाला पहिल्या मिळेल त्या नोकरीत ढकलू नका. मित्रांनो, बरोबरीच्या नात्याने बोलायचे तर हातात विद्या हवी. ती जेथे मिळेल तेथून घ्या आणि आपल्या माणसांच्या कामी आणा.