पाणी तसा डास, डास तसा ताप : स्वागताध्यक्षीय भाषण

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाला आजार देणाऱ्या जाती त्यांत थोड्याच. त्या थोड्या जातींचेही पाणी ठरलेले, चावण्याची वेळ ठरलेली आणि वाहून नेला जाणारा रोगजंतूही बहुधा ठरलेला असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत जंगलातले झरे, धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी (मामा) तलाव, तुंबलेल्या नाल्या आणि घरोघरचे कूलर असे सर्व प्रकारचे पाणी आहे. त्यामुळे हिवताप, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर, डेंग्यू आणि चिकनगुन्या या पाचही आजारांना येथे वाव मिळतो. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांची सेवा ही वरोऱ्याची ओळख झाली. त्या वरोऱ्यात डासजन्य आजारांच्या विचारासाठी आलेले डॉक्टर, कीटकशास्त्रज्ञ, आरोग्य कर्मचारी आणि आशा कार्यकर्त्या या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

रक्त शोषते ती फक्त मादी. अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. नर फुलांच्या आणि वनस्पतींच्या रसावर जगतो. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ डास या चार अवस्थांपैकी पहिल्या तीन पाण्याशी बांधलेल्या असतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी रिकामे केले, तर ही साखळी डास उडण्यापूर्वीच तुटते.

हिवतापाचा वाहक ॲनोफिलिस. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे या डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडले. मध्य भारताच्या ग्रामीण भागात ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस ही त्याची मुख्य जाती. ती स्वच्छ, संथ पाण्यात वाढते आणि गुरांचे रक्त अधिक पसंत करते. मात्र संख्या वाढली की माणसालाही पुरेसे दंश होतात. डोंगरपायथ्याच्या वाहत्या ओढ्यांत वाढणारी ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस माणसाकडे अधिक ओढली जाते, म्हणून कमी संख्येतही घातक ठरते. शहरातल्या टाक्या आणि विहिरींत ॲनोफिलिस स्टेफेन्सी आढळते. भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलव्याप्त तालुक्यांत फाल्सिपेरम हिवतापाचे प्रमाण मोठे आहे. उपचाराला उशीर झाला तर तो मेंदूपर्यंत पोचतो. व्हायव्हॅक्स परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, म्हणून प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण घेणे आवश्यक असते. हा डास रात्री चावतो, म्हणून कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी उपयोगी पडते. मात्र बांबूतोडीसाठी जंगलात मुक्काम करणारे मजूर आणि शेतावर जागल करणारे शेतकरी तिच्या बाहेर राहतात. त्यांच्यापर्यंत संरक्षण पोचवणे हे या भागातले खरे आव्हान आहे.

हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस घाण पाण्यात, गटारांत आणि शौचालयाच्या टाक्यांत वाढतो. पूर्व विदर्भ हा या रोगाचा जुना पट्टा आहे. सूक्ष्म कृमी रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्तनमुने रात्रीच घेतले जातात. लागण अनेकदा लहानपणी होते आणि पायाची सूज किंवा अंडवृद्धी कित्येक वर्षांनी दिसते. वरून निरोगी दिसणाऱ्या माणसानेही सामुदायिक मोहिमेतल्या गोळ्या घ्याव्यात, याचे कारण हेच. याच वंशातला क्युलेक्स विष्णुई गट धानाच्या बांध्यांत वाढतो आणि डुकरे व बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांतला जपानी मेंदूज्वराचा विषाणू माणसात आणतो. या आजारावर लस उपलब्ध आहे.

एडिस इजिप्ती हा घरातला डास. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकनगुन्या व झिका पसरवतो. २००६च्या चिकनगुन्याच्या साथीने महाराष्ट्राला त्याची ताकद दाखवली. तो पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात. विदर्भात उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात ठेवलेला कूलर, रांजण आणि टायर यांत पावसाचे पाणी साचले की तीच अंडी फुटतात. म्हणून भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. त्याच्या भिंती घासून पुसाव्या लागतात. एडिस अल्बोपिक्टस हा त्याचा भाईबंद बांबूच्या पोकळ पेरांत आणि झाडांच्या ढोलींतही वाढतो.

१९६५मध्ये नागपूर परिसरात ओळखला गेलेला चंदीपुरा विषाणू मात्र मुख्यतः सँडफ्लायमुळे पसरतो. भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातल्या ओलसर मातीत राहणाऱ्या या किड्यासाठी भेगा बुजवणे आणि गोठा कोरडा ठेवणे हा उपाय आहे.

यावरून उपाययोजनेचे सूत्र निघते. जंगलपट्ट्यात मच्छरदाणी, गावातच रक्ततपासणी आणि त्याच दिवशी उपचार. नाल्यांसाठी प्रवाही गटारे, शोषखड्डे आणि शौचालयाच्या वायुनळीला जाळी. घरांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस. कायम पाणी राहणाऱ्या टाक्यांत गप्पी मासे. धूरफवारणी फक्त उडते डास मारते, पाण्यातल्या अळ्यांना तिचा धक्का लागत नाही. एकाच कीटकनाशकाच्या सततच्या वापराने क्युलिसिफेसिससारख्या जातीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे. देशाने २०३०पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर प्रत्येक गावात कोणत्या पाण्यात कोणता डास वाढतो याची नोंद हवी, आणि त्या नोंदीनुसार काम हवे. या परिषदेपुढचा विषय हाच आहे.